गुणवंतरावांनी उचललेला दगड

दगड उचला म्हटलं की माणूस पायापाशी पडलेला कुठलाही दगड उचलतो आणि मोकळा होतो. गुणवंतराव सबनीसांना तेवढंही जमलं नाही. निगमबोध घाटावर बायकोची चिता रचून झालेली, पाण्याचं मडकं भरून ठेवलेलं, सोसायटीतली आणि मराठी मंडळातली माणसं रुमालाने घाम पुसत ताटकळलेली, आणि हे महाशय खडीच्या ढिगापाशी उकिडवे बसून दगड निवडतायत. दामूगुरुजींना वाटलं, घेरी आली. त्यांनी जाऊन दंडाला धरलं. गुणवंतरावांनी वर पाहिलंच नाही. दिल्लीच्या टणक, टोकदार कपच्या बाजूला सारत त्यांनी एक चपटा, मातकट दगड काढला, अंगठ्याने पुसला आणि म्हणाले, "हा इथला नाही." मग तोच गुरुजींच्या हातात दिला.

जन्मभराची खोड, दुसरं काय. भूगर्भ खात्यात हयात गेलेल्या माणसाला नेहमीचा दगड दिसतच नाही, वेगळा असेल तेवढाच दिसतो. त्या दगडाला चिरोट्याच्या पदरांसारखे बारीक बारीक थर होते. शिवालिकच्या डोंगरातला माल, कुठल्या तरी ट्रकमधून रेतीबरोबर आला असणार, हे त्यांनी बघताक्षणी ओळखलं. आपण हा कशासाठी उचलतोय, हे मात्र त्या क्षणी त्यांच्या डोक्यात नव्हतं. तिथे कुठे काय होतं म्हणा. डोकं सकाळपासून रिकामंच होतं.

आता या दगडाचं महत्त्व सांगायला हवं, कारण दिल्लीत वाढलेल्या निम्म्या मराठी मुलांना ते ठाऊक नसतं. मडकं खांद्यावर घेऊन चितेभोवती फिरताना दर फेरीला ज्या दगडाने त्याला भोक पाडतात, तो अश्मा. माणूस जळून गेलं की पुढचे दहा दिवस ते त्या दगडात आहे, असं धरून चालायचं. रोज सकाळी दगडावर तिळाचं पाणी घालायचं. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला की दगडाला तेल लावायचं आणि नदीत सोडायचा. मधेच तो हरवला किंवा त्याचं काही बरंवाईट झालं, तर दुसरा दगड घेऊन सगळं पहिल्यापासून. घाटावरच्या हिंदी पंडितांना यातलं काही माहीत नसतं. म्हणून तर करोल बागेतून दामूगुरुजींना बोलावलेलं.

पहिल्या फेरीला गुरुजींनी मडक्यावर दगड मारला. मडक्याला भोक पडलं, पण दगडाचीही एक ढलपी उडाली. गुणवंतरावांनी ती उडताना पाहिली. भाजलेलं मडकं याच्यापेक्षा कठीण आहे, एवढं त्यांच्या मनात आलं आणि ते पुढे चालायला लागले.

मीनाक्षीने नवऱ्याकडून फारसं काही मिळवलं नव्हतं. तिला पुण्याला बदली हवी होती, ती झाली नाही. वाईला आईजवळ दोन खोल्या बांधायच्या होत्या, त्या राहिल्या. गुणवंतराव वर्षातले कितीतरी महिने हिमाचलातल्या नाहीतर राजस्थानातल्या कुठल्याशा तंबूत असत, आणि ती इथे एकटी अपूर्वाचे ताप, परीक्षा आणि गॅसचे सिलिंडर सांभाळत असे. तिने कधी त्रागा केला नाही. पण मंडळातल्या एका ओळखीच्या बाईंचे दहा दिवसांचे विधी त्यांच्या मुलांनी एका सकाळी उरकले आणि दुपारी ऑफिस गाठलं, ते पाहून आली तेव्हा मात्र तिचा जीव खालीवर झाला होता. घरी आल्या आल्या, चपला काढायच्या आधी तिने गुणवंतरावांना बजावलं, "अहो, माझं दहा दिवस रीतसर करा. हे असलं दिल्लीछाप मला चालायचं नाही." गुणवंतराव पेपर वाचत होते. बरं म्हणाले. तिने पेपर खाली ओढून पुन्हा एकदा वदवून घेतलं.

गुणवंतरावांचा स्वतःचा या सगळ्यावर काडीचा विश्वास नव्हता. तरी शब्द दिलेला. एवढा एक तरी पाळायचा, हे त्यांनी घाटावरून परत येताना गाडीत ठरवलं. ठरवलं म्हणजे तसं काही ठरवलं नाही. करायचं एवढंच उरलं होतं, म्हणून ते करायचं.

पटपडगंजच्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट. अश्मा घरात ठेवत नाहीत, म्हणून गुरुजींनी तो पांढऱ्या फडक्यात बांधून बाल्कनीच्या कोपऱ्यात मातीच्या थाळीत ठेवला. बाल्कनीत आधीपासून दगडांचीच भाऊगर्दी. गुणवंतरावांनी जिथून तिथून आणलेले नमुने मांडणीवर रचलेले, आणि त्यांच्या फटीफटीतून मीनाक्षीच्या कढीपत्त्याने आणि ओव्याने जागा मिळवलेली. पहिल्या दिवशी गुरुजींनी समोर बसून सगळं करून दाखवलं. बाकीचे दिवस मंत्र फोनवर सांगतो म्हणाले, कारण त्यांचीही कामं होती आणि करोल बागेहून रोज मेट्रोने यायचं म्हणजे सकाळ जायची. मीनाक्षीला हे चाललं असतं का कोण जाणे. फोन स्पीकरवर टाकून कुंडीला टेकवायचा आणि गुरुजी म्हणतील तसं करायचं, असं ठरलं.

माणसं येत होती, जात होती. कुणी हात हातात घेई, कुणी वहिनींच्या पुरणपोळीची आठवण काढी. गुणवंतराव मान हलवत. रडू येत नव्हतं. आलेल्या माणसाच्या चपलांचा नंबर काय असेल, पंखा एका बाजूला का झुकलाय, असलं काहीतरी डोक्यात चालायचं. त्यांना काही वाटत नव्हतं, आणि काही वाटत नाही याचंही काही वाटत नव्हतं. अपूर्वा गुडगावहून आईच्या आजारपणात इथे राहायला आली होती ती अजून इथेच होती. ती येणाऱ्यांना चहा करून देई आणि मधेच लॅपटॉप उघडून, कॅमेरा बंद ठेवून ऑफिसच्या मीटिंगा ऐके. बापलेक एकमेकांशी दूध आणि औषधवाल्याचं बिल यापलीकडे बोलत नव्हते.

तिसऱ्या सकाळी गुणवंतरावांनी फडकं सोडलं आणि दगडाच्या कडेला केसासारखी भेग दिसली. थरांना धरून, सरळ. फडक्यात दोन-तीन पापुद्रे गळून पडलेले. त्यांनी बोट ओलं करून एक पापुद्रा चोळला, तर त्याचा गुळगुळीत चिखल झाला. त्यांना पुढचं सगळं दिसलं. आणखी सात सकाळी पाणी घालायचं होतं, आणि तोवर हा राहत नव्हता.

खरं तर हे त्यांना दिसायला तिसरा दिवस उजाडायला नको होता. गुणवंतरावांना लोक विचारायचे, दगडात एवढं काय बघता. ते म्हणायचे, हा कसा झाला आणि कसा जाणार, एवढंच बघायचं असतं. सुरुवातीला ते तिमारपूरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये होते, मागे हिंदूरावची टेकडी. दिल्लीत राहण्यासारखं काही असेल तर तेवढंच, असं त्यांचं मत. रविवारी सकाळी लहानग्या अपूर्वाला तिथे नेत, खिशातला चाकू तिच्या हाती देत आणि सांगत, काढ ओरखडा. चाकू घसरायचा, दगडावर लोखंडाचीच रेघ उमटायची. मग सांगायचे, ही एके काळची वाळू. जमिनीच्या पोटात दाबून, भाजून तिचे कण एकमेकांत असे रुतलेत की फोडायला गेलं तर कणांच्या मधून फुटत नाही, कण चिरून फुटतो. रूपांतरित खडक तो हा. दिल्लीतली एवढी राज्यं आली नि गेली, याचा टवकासुद्धा उडालेला नाही.

साताऱ्याला गावी गेलं की तिथला काळा दगड दाखवायचे. हा अग्निज, लाव्हा थिजून झालेला. दिसायला दांडगा, पण पावसापुढे त्याचं फार चालत नाही. पाणी आतल्या खनिजांना पोखरतं, कांद्यासारखे एकेक पापुद्रे सुटत जातात आणि शेवटी उरते ती आपली काळी जमीन, जिच्यात ज्वारी येते. लाल किल्ला बघायला पाहुण्यांना घेऊन गेले, तर पाहुणे बुरुज बघत आणि हे भिंतीच्या पायथ्याशी वाकलेले. तांबडा वालुकाश्म जमिनीतलं खारट पाणी वर ओढतो. पाणी वाळून जातं, मीठ आत राहून फुगतं, आणि दगडाला फोड येऊन त्याचं पीठ गळायला लागतं. पाहुणे बिचारे हो हो करत आणि आइस्क्रीमची गाडी कुठे आहे ते शोधत.

आणि सगळ्यांत तळाला, त्यांच्या लेखी, हा गाळाचा दगड. नदीने आणलेला चिखल, थरावर थर बसून दगड झालेला. याला दगड म्हणायचं ते जमिनीत झाकलेला असेस्तोवर. सुकला की तडकतो, तडकलेल्यात पाणी शिरलं की आतली माती फुगते आणि याचे पदर सुटतात. चार वेळा ओला-सुका झाला की पुन्हा चिखल. हिमाचलातल्या बोगद्यांवर गुणवंतरावांनी आयुष्यभर हेच तर सांगितलं. हा दगड आज उघडा केलात तर आजच झाका, उद्यावर टाकू नका. इंजिनीअर लोक हसायचे, मग महिन्याभराने भिंत ढासळली की फोन करायचे. अशा माणसाने बायकोच्या दहा दिवसांसाठी नेमका तो दगड उचलावा, याला काय म्हणायचं. कुणा दुसऱ्याच्या हातून ही चूक झालीच नसती. दुसऱ्याने पायापाशी पडलेली दिल्लीची कपची उचलली असती, आणि ती दहा दिवस काय, दहा हजार वर्षं टिकली असती.

मीनाक्षीला हे कळलं असतं तर तिने मंडळभर केलं असतं. दगड ओळखायला गुणवंतराव त्याला जीभ लावत. चिखलाचा असेल तर जिभेला चिकटतो, हा त्यांच्या धंद्यातला आडाखा. ती लोकांना सांगायची, आमचे हे दगड चाटून खूश होतात, माझ्या आमटीला मात्र बरी म्हणायला तोंड उघडत नाहीत. लोक हसत, आणि गुणवंतरावही हसत.

अपूर्वाने भेग पाहिली तशी ती घाबरली. ती या रीतींतलं फारसं जाणत नव्हती, अश्मा हा शब्दही तिने दोन दिवसांपूर्वी पहिल्यांदा ऐकलेला. पण आईने बाबांकडून काय वदवून घेतलं होतं ते तिला पाठ होतं, कारण त्या दिवशी ती तिथेच सोफ्यावर बसलेली. ती म्हणाली की आईने आयुष्यात एवढी एकच गोष्ट मागितली, ती तरी बिल्कुल नीट व्हायला हवी. बाबा, तुम्हाला येतं ना हे, करा ना काहीतरी.

येत होतं. बोअरिंगमधून काढलेला असला कच्चा दगड दिल्लीच्या लॅबपर्यंत धड आणायचा तर एकच उपाय. ओला असतानाच मलमलीत गुंडाळायचा आणि वरून मेण चढवायचं, म्हणजे आतला ओलावा जात नाही आणि बाहेरचं पाणी येत नाही. गुणवंतरावांनी असे शेकडो नमुने आणले होते. त्यांनी स्वयंपाकघरातल्या मेणबत्त्या काढल्या. वितळवायला काही सापडेना म्हणून मीनाक्षीची फोडणीची पळी घेतली. जुन्या ओढणीचा तुकडा दगडावर घट्ट बसवला, ब्रशने मेणाचे हात दिले, वाळू दिले, पुन्हा दिले. हात बरोबर चालत होते. कितीतरी दिवसांनी त्यांना एखादं काम नीट येत होतं. अपूर्वा शेजारी उभी राहून बघत होती. झाल्यावर ती म्हणाली, "आता काही होणार नाही ना?" गुणवंतराव म्हणाले, "वर्षभर काही होत नाही याला."

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन कुंडीला टेकवला. पलीकडून गुरुजींचा आवाज सुरू झाला. अपूर्वा आतल्या खोलीत मीटिंगला बसली होती. गुरुजींनी सांगितलं तेव्हा गुणवंतरावांनी ओंजळीत तीळ घेतले आणि अंगठ्याच्या बाजूने पाणी सोडलं. पाणी मेणावर पडलं, त्याचे टपोरे थेंब झाले आणि ते घरंगळून थाळीत गेले. दगड कोरडाच. एखाद-दुसरा तीळ मेणाला चिकटून राहिला. गुणवंतरावांनी पुन्हा पाणी सोडलं. पुन्हा तसंच.

गुरुजी पुढचा मंत्र म्हणत होते, पण गुणवंतरावांचं लक्ष त्या घरंगळणाऱ्या पाण्यावरून हलेना.

मीनाक्षीच्या किडन्या गेल्या होत्या, आणि त्यामागून हृदयही थकलं. डॉक्टरांनी पाणी तोडलं. दिवसाला ठरलेलं, त्याच्यावर एक घोटही नाही, नाहीतर फुप्फुसात भरेल. अपूर्वाने एका बाटलीवर मार्करने रेघ मारली. सकाळी रेघेपर्यंत भरायची, ती संपली की संपली. पाळायचं काम गुणवंतरावांचं. असल्या कामाला त्यांच्याइतका चोख माणूस मिळाला नसता. औषध गिळायचं पाणी धरून, डाळीतलं पाणी धरून, बर्फाचा खडा चोखायला दिला तर तोही धरून. मीनाक्षीचे ओठ सुकून त्यांच्यावर पापुद्रे धरले. ती आधी चिडायची, मग गयावया करायची, मग नुसती बाटलीकडे बघत पडायची. शेवटच्या संध्याकाळी तिने त्यांचा हात धरून म्हटलं, "अहो, एक पेला. फक्त एक." बाटली रिकामी होती. गुणवंतराव म्हणाले, सकाळी. त्यांनी कापूस ओला करून तिच्या ओठांवरून फिरवला, तर तिने दातांनी कापूस धरून ठेवला. तो त्यांना हलकेच ओढून काढावा लागला. सकाळी त्यांनी बाटली रेघेपर्यंत भरली आणि खोलीत घेऊन गेले, तेव्हा ती गेलेली होती. मग कुणीतरी चमच्याने तिच्या तोंडात गंगाजल घातलं. ते आत गेलं नाही. ओठांच्या कडेने निघालं आणि गालावरून घरंगळून उशीत मुरलं.

फोनमधून गुरुजी विचारत होते, झालं का, पाणी घातलं का. गुणवंतरावांनी फोन बंद केला.

त्यांनी दगड मांडीवर घेतला आणि नखाने मेण काढायला सुरुवात केली. मेण पक्कं बसलं होतं, स्वतःच्याच हातचं काम. मग आत जाऊन सुरी आणली. ओढणीचा तुकडा सोलताना दगडाचा एक अख्खा पदर त्याच्याबरोबर आला. आपण काय करतोय ते त्यांना नीट कळत होतं. आता दगड राहणार नाही. दगड नाही राहिला तर दिलेला शब्द राहणार नाही, आणि मीनाक्षीच्या हिशेबाने तर ती स्वतःच दहा दिवस पुरी होणार नाही. हे सगळं त्यांना समोर दिसत होतं, जसं बोगद्याच्या भिंतीकडे बघून दिसायचं. त्यांनी मेण काढणं थांबवलं नाही. थाळीत दगड ठेवला, आतून तांब्या भरून आणला आणि सबंध तांब्या दगडावर ओतला.

दगडाने पाणी ओढलं. भेगांमधून बारीक बुडबुडे आले, कान दिला तर ऐकू येईल असा सूं आवाज झाला, थोड्या वेळाने थाळीतलं पाणी बरंचसं कमी झालं. गुणवंतरावांनी दुसरा तांब्या आणला. मग कढीपत्त्याच्या कुंडीला टेकून ते बराच वेळ बसून राहिले. आपल्याला आता रडू येईल असं त्यांना वाटलं. आलं नाही. पण छातीत काहीतरी दुखायला लागलं, आणि ते दुखतंय हे त्यांना कळत होतं.

त्यानंतर त्यांनी रोज तेच केलं. गुरुजींच्या मंत्राला तीळ सोडायचे, आणि मंत्र संपला, फोन बंद झाला की भरलेला तांब्या. अपूर्वाला सांगितलं नाही. ती समजत होती की फडक्याखाली मेणातला दगड ठीकठाक आहे, आणि तिने उघडून बघितलं नाही. दोन दिवसांत त्याचे पदर सुटले, मग पदरांचे तुकडे झाले, मग तुकड्यांच्या कडा विरल्या. गुणवंतराव आयुष्यभर असला दगड झाका झाका म्हणून लोकांच्या मागे लागले होते, आणि आता स्वतःच्या हाताने त्याला पाणी पाजत होते. ज्या सकाळी थाळीत धरता येईल असा एकही तुकडा उरला नाही, त्या सकाळीसुद्धा त्यांनी तांब्या भरून आणला.

दहाव्या दिवशी यमुनेवर जाताना अपूर्वा गाडी चालवत होती. थाळी फडक्यात बांधून गुणवंतरावांच्या मांडीवर. ऊन चढलं होतं, पाणी काळं होतं, पलीकडे पाण्यावर फेस तरंगत होता. पिंड ठेवले आणि सगळे मागे सरले. दिल्लीत कावळ्यांची वाट बघावी लागते म्हणतात, पण कावळा लगेच आला. मंडळातले दोघे-तिघे म्हणाले, वहिनींची काही इच्छा राहिली नव्हती, समाधानाने गेल्या. अपूर्वाने मान खाली घातली.

मग गुरुजींनी तेलाची वाटी पुढे घेतली आणि अश्मा मागितला. गुणवंतरावांनी थाळी खाली ठेवली आणि फडकं सोडलं. आत मऊ, करडा चिखल होता, त्यात काळे तीळ, एक-दोन तिळांना कोंब आलेले. गुरुजींनी थाळी जवळ ओढली. चिखलात बोट घालून पाहिलं.

"सबनीस, अश्मा कुठाय?"

"हाच," गुणवंतराव म्हणाले.

दामूगुरुजी काही वाईट माणूस नव्हे. त्यांनी आदळआपट केली नाही. हलक्या आवाजात म्हणाले की असं होतं कधीकधी, शास्त्रात त्याला वाट आहे, चांगला टणक दगड घ्यायचा, त्याच्यावर आवाहन करायचं आणि पुन्हा दहा दिवस. तुमच्या घरी दगडांना काय तोटा. मंडळातल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं.

अपूर्वा बापाकडे बघत होती. "बाबा, मेण लावलं होतं ना आपण?"

"मी काढलं."

"का?"

"पाणी आत जात नव्हतं," गुणवंतराव म्हणाले.

अपूर्वाचा चेहरा आधी रागाने लाल झाला. थाळीतल्या चिखलाकडे तिने पाहिलं, मग बापाच्या हातांकडे, आणि तिचा रंगच उतरला. बाटलीवरची रेघ तिच्या हातची होती. त्या घरात त्या बाटलीविषयी कुणी चकार शब्द काढला नव्हता, ना बापाने ना लेकीने. बाटली अजून फ्रिजच्या दारात तशीच उभी होती.

गुरुजींनी विचारलं, मग उद्यापासून सुरू करू या ना. गुणवंतरावांनी मान हलवली. नको म्हणाले. दहा दिवस रीतसर करीन म्हटलं होतं तिला, ते माझ्याच्याने झालं नाही, ते आता झालं नाही असंच राहू दे. एवढं बोलताना त्यांचा आवाज फाटला आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्यांनी ते पुसलं नाही.

अपूर्वाने गुरुजींच्या पुढ्यातला तांब्या उचलला. पायरीवर बापाशेजारी बसून तिने थाळीवर पाणी सोडलं. मुलीने असं करावं की नाही ते गुरुजींनी काढलं नाही. चिखल हलला, थाळीच्या काठावरून करडं पाणी पायरीवर आलं आणि पायरीवरून यमुनेत उतरायला लागलं.

"आई, पी," अपूर्वा म्हणाली. "हवं तेवढं पी."

तांब्या रिकामा झाला तसा गुणवंतरावांनी तो तिच्या हातातून घेतला आणि भरायला वाकले.